शब्दकोड्याच्या स्पर्धेत ग्रुपसोबत पहिल्यांदा उतरताय? उत्तर नको, फोड सांगा

मागच्या महिन्यात आमच्या शब्दकोड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सात-आठ नवीन मंडळी आली अन् प्रत्येकाने पहिल्याच आठवड्यात तोच प्रश्न विचारला, ताई हे तुम्हाला सुचतं कसं, आम्ही तर क्लू तीनदा वाचला तरी काही डोक्यात शिरून नाही राहिलं. दर वेळी तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच बसून सगळं लिहून काढते, म्हणजे पुढे येणाऱ्यांनाही हेच देता येईल. मी नागपूरची, ग्रुपमधले अर्धे लोक इथलेच, बाकीचे पुणे, नाशिक, रत्नागिरीकडचे, दोघं-तिघं परदेशात. असा मिसळलेला ग्रुप कोडं सोडवताना किती कामी येतो ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. पेपरातलं रोजचं कोडं वेगळं अन् स्पर्धेचं कोडं वेगळं. रोजच्या कोड्यात 'नदीचा किनारा (२)' असं येतं, कंसातला आकडा म्हणजे उत्तराला किती घरं, अन् घर म्हणजे कोड्यातला एक चौकोन. तुम्ही 'तीर' लिहिता, नाही जमलं तर 'काठ', तेही नाही तर 'तट', तीनपैकी एक बसतंच. स्पर्धेच्या कोड्यात क्लू वाकडा असतो, पण उत्तर पक्कं करायची सोयही त्याच क्लूमध्ये दिलेली असते. ती सोय शोधून काढणं म्हणजे फोड करणं. आमच्या ग्रुपमध्ये एकच नियम आहे जो कोणासाठीच मोडत नाही, नुसतं उत्तर टाकायचं नाही, फोड टाकायची. फोड नसेल तर तो अंदाज, उत्तर नाही.

आधी घरं मोजायला शिका

हे फार साधं वाटतं पण नवीन लोक इथेच अडकतात. मराठीत एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट, अन् जोडाक्षर कितीही मोठं असलं तरी त्याला एकच घर. म्हणजे 'विद्यार्थी' तीन घरांचा, वि-द्या-र्थी. 'स्वातंत्र्य' पण तीनच, स्वा-तं-त्र्य. 'महाराष्ट्र' चार. 'नागपूर' चार. इंग्रजी कोडी सोडवणारे लोक पहिल्यांदा आले की हाताच्या बोटांवर व्यंजनं मोजतात अन् मग म्हणतात शब्द बसत नाहीये. मोठ्याने म्हणून पाहा, जेवढी अक्षरं लिहिताना सुटी पडतात तेवढी घरं.

याचा एक मोठा फायदा आहे. इंग्रजीत एका घरात सव्वीसपैकी काहीतरी एक येणार. आपल्याकडे नुसत्या 'क'चीच बाराखडी, त्यात जोडाक्षरं वेगळी, म्हणून उभ्या शब्दातून एक अक्षर मिळालं की ते फार काही सांगून जातं. तुमच्याकडे पहिलं घर 'सा' आलंय, तर 'स'ने किंवा 'सि'ने सुरू होणारे सगळे शब्द तिथेच बाद. म्हणून अडलात की क्लूवर डोकं आपटत बसू नका, त्याला छेदणारे शब्द आधी काढा.

यात एक भानगड आहे ती ऱ्हस्व-दीर्घाची. आडव्या शब्दात 'वि' पाहिजे अन् उभ्यात 'वी', असं कोडेकाराकडून होतं कधीकधी, म्हणून बऱ्याच स्पर्धांच्या नियमात लिहिलेलं असतं की ऱ्हस्व-दीर्घाची सूट आहे. लिहिलेलं नसेल तर सूट नाही असं धरून चाला. आपल्या लेखनाचे नियम १९६२ साली ठरले अन् १९७२ साली त्यात चारांची भर पडली, त्यात शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा असं आहे, म्हणून संस्कृतातला 'जलधि' मराठी कोड्यात 'जलधी' होतो. जुनी पुस्तकं वाचणारे आमचे ज्येष्ठ सदस्य इथे हमखास ऱ्हस्व लिहितात अन् मग छेदणारा शब्द जुळत नाही म्हणून अर्धा तास शोधत बसतात.

सरळ क्लूंसाठी घरात काय साठा पाहिजे

स्पर्धेच्या कोड्यातही निम्मे क्लू सरळच असतात, फक्त शब्द जुने नाहीतर संस्कृत. ते पाठ करायची गरज नाही, त्यांची घडण कळली की पुरे. मला हे जेव्हा कळलं तेव्हा कुलूप उघडल्यासारखं झालं होतं म्हणून नीट सांगते. पाणी या अर्थाचा कोणताही शब्द घ्या, जल, वारि, अंबु, नीर. त्याला 'ज' लावला की कमळ, कारण ज म्हणजे जन्मलेलं. 'द' लावला की ढग, द म्हणजे देणारा. 'धी' लावला की समुद्र, धारण करणारा. जलज, जलद, जलधी. वारिज, वारिद, वारिधी. अंबुज, अंबुद, अंबुधी. एका सूत्रात नऊ शब्द हातात आले, अन् नीरज-नीरद, पयोद-पयोधी हे त्यावर वरकड. तोच 'ज' पुढे नेला की पंकज म्हणजे चिखलात जन्मलेलं, अनुज म्हणजे मागून जन्मलेला म्हणजे धाकटा भाऊ, अग्रज म्हणजे आधी जन्मलेला थोरला. आता 'कुसुमाग्रज' हे नाव फोडून बघा, कुसुम अधिक अग्रज, कुसुमचा थोरला भाऊ, अन् वि. वा. शिरवाडकरांनी ते नाव बहिणीवरूनच घेतलं होतं.

टोपणनावं कोडेकारांची फार आवडती, त्यातही विदर्भातली आपल्याला माहीत नसतील तर लाज वाटते. माणिक गोडघाटे म्हणजे ग्रेस, आत्माराम रावजी देशपांडे म्हणजे अनिल, नारायण मुरलीधर गुप्ते म्हणजे बी. हा 'बी' एका घरात बसतो म्हणून कोडेकाराला सोन्यासारखा. 'पेरलं तर उगवतं, लिहिलं तर कविता होते (१)' असा क्लू एकदा आला होता अन् एका घराचं उत्तर असू शकतं हेच कोणाच्या ध्यानात नव्हतं.

मग महाभारत. अर्जुनाची नावं (पार्थ, धनंजय, फाल्गुन, किरीटी, सव्यसाची, गुडाकेश) अन् शंखांची नावं, कृष्णाचा पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, नकुलाचा सुघोष, सहदेवाचा मणिपुष्पक. सत्तावीस नक्षत्रं, संवत्सरं म्हणजे पंचांगातल्या वर्षांची नावं, साठच्या साठ नकोत पण दहा-बारा, शेतीची अवजारं. अन् आकड्यांऐवजी वापरायचे शब्द, चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, वसू म्हणजे आठ, रुद्र म्हणजे अकरा. हे सगळं एका वहीत लिहून ठेवा, फोनमध्ये नाही, वहीत, कारण हाताने लिहिलेलं ऐन वेळी आठवतं, हा माझा अनुभव आहे.

शब्दकोश पाहिजेच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला, सुधारलेली आवृत्ती १८५७ची, अन् दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मध्ये सात भागांत आला. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात. मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. कोश उघडणं म्हणजे चीटिंग असं काही लोकांना वाटतं, मला नाही वाटत, अर्थात स्पर्धेच्या नियमात मनाई असेल तर उघडायचा नाही, विषय संपला.

वाकडे क्लू फोडायचे कसे

आता खरी मजा. वाकड्या क्लूमध्ये दोन भाग असतात, एक भाग उत्तराचा अर्थ सांगतो अन् दुसरा भाग तेच उत्तर अक्षरांच्या खेळातून देतो. अर्थाचा भाग जवळपास नेहमी क्लूच्या सुरुवातीला नाहीतर शेवटी असतो, मध्ये सहसा नसतो. म्हणून पहिलं काम म्हणजे क्लूवर पेन्सिलने एक उभी रेघ मारायची, इथपर्यंत अर्थ, इथून पुढे खेळ. रेघ चुकली तर सरकवा. क्लूचं वाक्य काय गोष्ट सांगतंय याकडे अजिबात लक्ष देऊ नका, ती गोष्ट तुम्हाला भलतीकडे नेण्यासाठीच लिहिलेली असते.

सगळ्यात सोपा प्रकार उलट्याचा. 'नदी उलटी वाहिली तर गरीब (२)', न-दी उलटं वाचा, दी-न, दीन म्हणजे गरीब. 'वेल उलटली की ठेका मिळतो (२)', वेल म्हणजे लता, उलटं ताल. हा प्रकार काही बाहेरून आलेला नाही, वाल्या कोळ्याने 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम राम' झालं ही गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो, तो उलटा क्लूच आहे. उलटा, फिरला, परतला, मागे वळला, पश्चिमेकडून असे शब्द दिसले की लगेच उलटं वाचून बघा.

दुसरा, डोकं किंवा शेपूट कापायचा. 'डोकं उडवलं की माकडाचा माणूस होतो (२)', वानरमधला वा काढा, नर. तिसरा, जोडायचा. हा माझा सगळ्यात आवडता, 'दिवस आणि हत्ती मिळून पंढरीला निघाले (४)'. दिवस म्हणजे वार, हत्ती म्हणजे करी, वार अधिक करी, वारकरी! हत्तीला करी म्हणतात हे कोशात आहे, पण क्लू वाचताना डोळ्यासमोर दिंडीतला हत्तीच उभा राहतो, अन् मग कोणी गज लिहितं कोणी ऐरावत लिहितं.

चौथा, दडलेला शब्द. याची एक आठवण आहे. मे महिन्याची दुपार होती, बाहेर नागपूरचं ऊन म्हणजे सांगायला नको, कूलर फुल स्पीडवर अन् तरी फोन हातात तापलेला. क्लू होता 'दिवसा गरम, आत समुद्र (३)'. ग्रुपवर एकेक सुरू झालं, कोणी म्हणे उकाडा, कोणी म्हणे वाळवंट पण ते चार घरांचं, आमच्या इथल्या दोघांनी तर फुटाळा, म्हणजे नागपूरचा तलाव, लिहिलं कारण तीन घरं अन् पाणी दोन्ही जमत होतं. वीस मिनिटं हेच चालू. मग आमचे एक निवृत्त शिक्षक काका, जे एका बोटाने टाइप करतात अन् दिवसातून दोनच मेसेज टाकतात, त्यांनी फक्त एवढंच लिहिलं:

दिव सागर म

बस्स. क्लूमधलेच शब्द, फक्त मधली जागा सरकवलेली. पुढे अर्थ नाही, स्पष्टीकरण नाही, पण सगळ्यांना एका क्षणात दिसलं. दिव-सा गर-म, आत सागर. मी तो मेसेज अजून स्टार करून ठेवलाय, नवीन कोणी आलं की तोच दाखवते, फोड कशी लिहायची म्हणून. आत, पोटात, दडलेला, मध्ये, घरात असे शब्द दिसले की क्लूमधल्या शब्दांमधली जागा पुसून सगळं सलग लिहून काढा, हाताने.

पाचवा प्रकार दुहेरी अर्थाचा, यात खेळ वगैरे काही नाही, दोन अर्थ शेजारी-शेजारी ठेवलेले. 'लगबगीने आलेला ढग (३)', जलद. वर सांगितलेलं सूत्र इथे कामी आलं ना. 'दिवाळीत विकत मिळतो, नाटकात बघायला मिळतो, बाळाला बसायला मिळतो (२)', अंक. मांडीला अंक म्हणतात हे एकदा कळलं की विसरत नाही.

सहावा, अक्षरांची सरमिसळ, अन् इथे नीट थांबा कारण यावरून आमच्यात खूप वाद झालेत. 'विस्कटलेलं काजळ, म्हणून करपलेला (३)', का-ज-ळ ही तीन अक्षरं हलवा, ज-ळ-का, जळका. हे चोख आहे, प्रत्येक अक्षर आपल्या मात्रेसकट हललं. पण काही कोडेकार 'वानर' हलवून 'नवरा' करतात. बघा काय झालं, वा चा व झाला अन् र चा रा झाला, म्हणजे अक्षरं हललीच पण काना एकावरून उतरून दुसऱ्यावर चढला. मला विचाराल तर हे बरोबर नाही, कारण घरात आपण अख्खं अक्षर लिहितो तर खेळातही अख्खं अक्षरच हललं पाहिजे. ग्रुपमधल्या काहींना हे चालतं, त्यांचं म्हणणं काना हा पण एक तुकडाच आहे. तुम्ही नवीन असाल तर त्या कोडेकाराची आधीची दोन-तीन कोडी उत्तरासकट बघून घ्या, तो कोणत्या पद्धतीचा आहे ते कळून जातं अन् मग वेळ वाया जात नाही.

ग्रुपमध्ये कसं वागायचं

पहिली गोष्ट, स्पर्धा एकट्याची आहे की टीमची ते नियमात वाचा, आपल्या मनाने ठरवू नका. एकट्याची असेल तर मुदत संपेपर्यंत ग्रुपवर त्या कोड्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, हिंटही नाही, 'सात आडवा काय मस्त आहे न' असंही नाही, कारण त्यातूनही कळतं. आमच्याकडे एकदा एका नवीन सदस्याने उत्साहात मुदतीच्या आदल्या रात्री अख्खा भरलेला ग्रिड फोटो काढून टाकला. हेतू काही वाईट नव्हता बिचाऱ्याचा. पण ज्यांनी अजून पाठवलं नव्हतं अशा चौदा जणांनी त्या वेळी पाठवायचंच नाही असं ठरवलं, अन् त्यात दोघं असे होते ज्यांची फक्त दोन घरं उरली होती, आठवडाभर मेहनत केलेली. तेव्हापासून आम्ही चालू स्पर्धेचं नाव ग्रुपच्या वर्णनात मुदतीसकट लिहून ठेवतो, ते वाचूनच बोलायचं.

टीमची स्पर्धा असेल तर काम वाटून घ्यायचं. आम्ही गूगल शीट उघडतो, एकेका ओळीत क्लूचा नंबर, क्लू जसाच्या तसा, उत्तर, फोड, कोणी काढलं, अन् शेवटच्या रकान्यात पक्कं की कच्चं. फोड दोन्ही बाजूंनी जुळली, अर्थही बसला अन् खेळही बसला, तरच पक्कं. नुसता अर्थ जुळला तर कच्चं. कच्च्या उत्तराच्या अक्षरावरून दुसरा शब्द काढायचा नाही, हे फार महत्त्वाचं आहे, कारण एक चुकीचं अक्षर चार शब्दांना बिघडवतं अन् मग चूक कुठे सुरू झाली हेच सापडत नाही.

कोणाचं उत्तर चूक वाटलं तर 'चूक आहे' असं लिहू नका, 'याची फोड कशी बसवली?' असं विचारा. बरेचदा समोरचा फोड लिहायला जातो अन् त्याचं त्यालाच कळतं. कधीकधी आपलंच चुकलेलं असतं अन् ग्रुपमधल्या एखाद्या काकू अशी काही फोड दाखवतात की गप्प बसावं लागतं. कोणी मदत मागितली तर आधी फक्त प्रकार सांगा, 'दडलेला आहे' एवढंच. तेवढ्याने नाही जमलं तर रेघ कुठे मारायची ते सांगा. उत्तर सगळ्यात शेवटी, अन् तेही त्याने मागितलं तर.

अन् आता ते मिसळलेल्या ग्रुपचं. एका कोड्यात क्लू होता 'पेरणीचं अवजार (३)'. आम्ही विदर्भातल्या लोकांनी डोळे मिटून तिफण लिहिलं, ति-फ-ण, तीन घरं. नाशिकच्या ताई म्हणाल्या अहो पाभर, पा-भ-र, तीही तीनच घरं! आम्हाला पाभर शब्द ऐकूनच माहीत, त्यांना तिफण पुस्तकातून. छेदणाऱ्या उभ्या शब्दाने 'भ' दिला तेव्हा पाभर ठरलं, अन् तो कोडेकार तिकडचा असणार हे पण कळलं, मग पुढच्या क्लूंमध्ये आम्ही तिकडचेच शब्द शोधायला लागलो. तसंच सांभारचं. आपण नागपुरात बाजारात जाऊन सांभार मागतो म्हणजे कोथिंबीर, सांभारवडी म्हणजे कोथिंबिरीची, पुण्याच्या माणसाला सांबार म्हटलं की इडलीसोबतचं दिसतं. क्लूमध्ये 'भाजीवर पेरतात' असं असेल अन् घरं तीन असतील तर पुण्याचा माणूस रात्रभर बसला तरी त्याला सुचणार नाही, अन् घरं चार असतील तर आपला माणूस उगाच अडून बसेल. म्हणून आपल्या बोलीतला शब्द सांगायला लाजू नका, शुद्ध-अशुद्ध काही नसतं, घरात बसला अन् फोड जुळली की झालं. कोकणातला एक अन् मराठवाड्यातला एक माणूस ग्रुपमध्ये असावाच, असेल ओळखीचं कोणी तर बोलवा.

दोन उत्तरं बसतात तेव्हा

हा सगळ्यात फसवा भाग आहे. काही स्पर्धांमध्ये मुद्दाम असे क्लू देतात की दोन शब्द सारखेच बसतात. 'हे गेलं की माणूस खचतो (२)', शेवटचं घर 'न' दिलेलं, पहिल्या घराला उभा शब्द छेदतच नाही. धन लिहा की मन लिहा? दोन्ही बरोबर, अन् आयोजक म्हणणार आमच्या पाकिटातलं उत्तर हेच. ही बुद्धीची स्पर्धा नाही, हा चिठ्ठी काढण्याचा खेळ झाला.

जुन्या काळी आपल्या देशात बक्षिसांची शब्दकोडी फार जोरात होती, फी भरून कूपनं पाठवायची, अन् शेवटी सरकारला १९५५ साली त्यावर कायदा करावा लागला, महिन्याला एक हजार रुपयांच्या वर बक्षीस देणाऱ्या अशा स्पर्धांना त्याने मनाई केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९५७ साली कोर्टाने म्हटलं की हा कायदा नशिबावर चालणाऱ्या, जुगारासारख्या स्पर्धांसाठी आहे, जिथे यश मुख्यतः कौशल्यावर आहे त्यांना तो लागत नाही. म्हणजे धन की मन हा फरक कोर्टापर्यंत जाऊन आलेला आहे.

म्हणून स्पर्धा निवडताना हे बघा. आधीच्या कोड्याची उत्तरं अन् शक्यतो फोड छापतात का? बहुतेक घरं दोन्हीकडून छेदलेली आहेत का? फी मागत असतील, वर ओटीपी मागत असतील, नाहीतर 'तुम्हाला बक्षीस लागलंय, आधी अमुक रक्कम भरा' असं म्हणत असतील तर तिथून लगेच बाहेर पडा अन् ग्रुपवर सांगा म्हणजे बाकीचे वाचतील.

चांगल्या स्पर्धेतही एखाद-दुसरा क्लू असा निघतोच, कोडेकार माणूसच आहे. तेव्हा आम्ही शीटमध्ये दोन्ही उत्तरं लिहितो अन् समोर दोन्ही फोडी. क्लूमधला एकेक शब्द घ्यायचा अन् विचारायचं, हा शब्द इथे काहून आहे? नीट लिहिलेल्या क्लूमध्ये एकही शब्द फुकटचा नसतो. ज्या उत्तरात क्लूमधला एखादा शब्द बेकार पडून राहतो ते उत्तर मागे पडतं. बहुतेक वेळा यानेच निकाल लागतो.

पाठवताना

इथे मेहनत पाण्यात जाते म्हणून सांगते. दिवाळी अंकातलं कोडं असेल तर मूळ कूपनच लागतं की झेरॉक्स चालते ते बघा. आधी पेन्सिलने दुसऱ्या कागदावर पूर्ण भरा, मग कूपनवर पेनाने एकदाच उतरवा, खाडाखोड असेल तर बाद करतात. मुदत म्हणजे पोस्टात टाकायची तारीख की त्यांच्याकडे पोचायची, हे शब्द नीट वाचा, मुंबई-पुण्याला पाठवायचं असेल तर चार-पाच दिवस हातात ठेवा. बरोबर उत्तरं जास्त आली तर सोडत असते, त्यामुळे सगळं बरोबर असूनही नाव नाही आलं असं होतं, ते धरूनच चालायचं.

ऑनलाइन फॉर्म असेल तर वेगळी काळजी. एका स्पर्धेत माझं 'ॲसिड' हे उत्तर चूक धरलं, स्क्रीनवर माझं अन् त्यांचं उत्तर अगदी सारखं दिसत होतं तरी. नंतर आमच्यातल्या कॉम्प्युटरवाल्या मुलाने समजावलं की 'ॲ' हे एक स्वतंत्र अक्षर म्हणूनही टाइप होतं अन् अ वर चंद्र देऊनही, डोळ्याला सारखं पण मशीनला वेगळं. आयोजकांना ईमेल केला, उत्तर आलं नाही. तेव्हापासून मी एकाच कीबोर्डवरून सगळं टाइप करते अन् शंका असलेल्या उत्तरांचा स्क्रीनशॉट पाठवण्याआधीच काढून ठेवते. उत्तरामागे चुकून स्पेस राहिली तरी काही फॉर्म चूक धरतात, ती पुसून टाका. अनुस्वार अन् ऱ्हस्व-दीर्घ एकदा दुसऱ्याकडून वाचून घ्या, एकट्याची स्पर्धा असेल तर मुलाला नाहीतर नवऱ्याला नुसती अक्षरं वाचायला सांगा, क्लू न दाखवता.

मुदत संपली की मग ग्रुप उघडतो. रविवारी सकाळी तर्री पोहे खाता खाता एकेक क्लू घ्यायचा अन् ज्याने काढला त्याने फोड लिहायची, ही आमच्याकडची सगळ्यात छान वेळ, निकालापेक्षा लोक याचीच वाट बघतात. नवीन लोकांनी तेव्हा नुसतं वाचत बसू नका, एक तरी फोड लिहा, चुकली तरी चालेल.

सरावासाठी तीन क्लू देऊन ठेवते, माझेच बनवलेले आहेत. 'एक मलई खाल्ली, पोटात फूल (३)'. 'विमानाचं तोंड तुटलं तरी आदर शिल्लक (२)'. 'रवा उलटला, कोणत्या दिवशी? (२)'. उत्तरं मला पाठवू नका, फोड पाठवा.